‘ढ’ म्हटल्याने काय होते?

आपल्या वर्णमालेतील एका अक्षराचे नशीब फार वाईट आहे. ते अक्षर म्हणजे ‘ढ’. बिचाऱ्याने कोणाचे काही वाकडे केलेले नाही. पण ज्याला गणित जमत नाही, कविता पाठ होत नाही, त्याला आपण ‘ढ’ म्हणून मोकळे होतो. याचे कारण मौजेचे सांगतात. सम्राट अशोकाच्या काळातील ब्राह्मी लिपीत, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, ‘ढ’ जसा लिहीत तसाच तो जवळजवळ आजही लिहिला जातो. बाकीची अक्षरे बदलत बदलत कुठच्या कुठे गेली. ‘ढ’ मात्र सव्वादोन हजार वर्षे जिथल्या तिथे! म्हणून जो पुढे सरकत नाही तो ‘ढ’. ही व्युत्पत्ती कितपत खरी हा भाषापंडितांचा प्रश्न. आपला प्रश्न वेगळा आहे. वर्गात चाळीस मुलांसमोर एखाद्याला ‘ढ’ म्हटले, तर त्याचे पुढे काय होते?

मराठीत याची दोन उत्तरे तयार आहेत आणि ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एक म्हणते, ‘कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही.’ म्हणजे शब्द ही नुसती हवा. ती बोचत नाही आणि जाळतही नाही. दुसरे म्हणते, ‘शब्द जिव्हारी लागला.’ जिव्हार म्हणजे मर्मस्थान. म्हणजे शब्द बाणासारखा शरीरात रुततो. दोन्ही म्हणणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. अशा वेळी विज्ञानाचा विद्यार्थी वाद घालत बसत नाही. तो विचारतो, हे मोजता येईल का?

मोजण्याचा एक प्रयत्न १९३९ साली अमेरिकेच्या आयोवा राज्यात झाला. तो करायला नको होता, हे आधीच सांगून ठेवतो.

आयोवा विद्यापीठात वेंडेल जॉन्सन नावाचे वाचादोषांचे अभ्यासक होते. ते स्वतः लहानपणापासून अडखळत बोलत. आपल्याला हा दोष का जडला, याचा विचार करता करता ते एका मतापर्यंत आले. लहान मूल बोलायला शिकताना अडखळतेच. चालायला शिकताना जसे ते पडते तसेच. पण कोणीतरी मोठे माणूस घाबरून म्हणते, ‘हा तोतरा आहे!’ तेव्हापासून मूल प्रत्येक शब्द जपून उच्चारू लागते आणि त्या जपण्यानेच खरोखर तोतरे होते. थोडक्यात, दोष जिभेतून येत नाही, तो नाव ठेवण्यातून येतो, असा त्यांचा तर्क होता.

तो पडताळून पाहण्यासाठी त्यांनी मेरी ट्यूडर या आपल्या विद्यार्थिनीला डॅव्हनपोर्ट येथील अनाथालयात पाठवले. तिथली २२ मुले निवडण्यात आली. त्यांपैकी दहा मुले आधीपासून अडखळणारी होती आणि बारा मुले नीट बोलणारी होती. या बारांतील सहा मुलांना, त्यांच्या बोलण्यात काहीही दोष नसताना, सांगण्यात आले की तुमच्यात तोतरेपणाची लक्षणे दिसू लागली आहेत. ती ताबडतोब थांबवा. नीट बोलता येणार नसेल तर बोलूच नका. अनाथालयातील शिक्षकांना आणि सांभाळणाऱ्या बायकांनाही तसेच कळवले आणि मुले चुकली की टोकायला सांगितले. जानेवारीपासून मेअखेरपर्यंत हा प्रकार चालला. आपल्यावर प्रयोग होत आहे याची मुलांना कल्पना नव्हती. आणि ‘माझ्या मुलाला काय सांगता?’ असे विचारायला घरचे कोणी नव्हते.

परिणाम लवकर दिसू लागले. गप्पा मारणारी मुले एकेका शब्दात उत्तरे देऊ लागली. कोणी बोलताना डोळ्यांवर हात धरी, कोणी बोलण्याआधीच थबके. काहींनी जवळजवळ बोलणेच टाकले. शाळेतील अभ्यासही मागे पडला. मुलांना चुकीचे शब्द कसे येतात असे विचारले, तर शब्द बाहेर येण्याआधीच चुकेल अशी भीती वाटते, अशा अर्थाची उत्तरे मिळत. ट्यूडरबाई प्रयोग संपल्यावरही पुन्हा पुन्हा अनाथालयात गेल्या. तुमचे बोलणे चांगलेच आहे, असे त्यांनी मुलांना समजावण्याचा प्रयत्न केला. पण उच्चारलेला शब्द परत घेता येत नाही हे त्यांना कळून चुकले.

तो प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून राहिला. कोणत्याही शास्त्रीय नियतकालिकात तो छापला गेला नाही. ज्यांना माहीत होते ते आपसांत त्याला ‘राक्षसी प्रयोग’ म्हणत. २००१ साली एका वृत्तपत्राने ही हकीकत उघडकीस आणली. तोवर त्यातील काही मुले सत्तरी ओलांडलेली होती, आणि लहानपणी आपल्याशी असे का वागले गेले हे त्यांना तेव्हा प्रथमच समजले. विद्यापीठाने माफी मागितली. २००७ साली आयोवा राज्याने सहाजणांना, म्हणजे हयात असलेल्यांना आणि बाकीच्यांच्या वारसांना, मिळून ९ लाख २५ हजार डॉलर भरपाई दिली.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, जॉन्सन यांचा तर्क खरा ठरला. इथेच सावध राहायला हवे. २००२ साली निकोलिन अँब्रोज आणि एहुद यैरी या दोन संशोधकांनी प्रबंधातील मूळ नोंदी पुन्हा तपासल्या. त्यांना असे आढळले की त्या सहा मुलांचे अडखळणे म्हणण्यासारखे वाढलेच नव्हते. ती तोतरी झाली नाहीत. ती गप्प झाली, भित्री झाली. आता आपल्याला माहीत आहे की तोतरेपणाचे मूळ बरेचसे आनुवंशिकतेत आणि मेंदूतील वाणीच्या केंद्रांच्या जोडणीत असते. २०१० साली पाकिस्तानातील एका मोठ्या कुटुंबाच्या अभ्यासातून त्याच्याशी संबंधित असलेले एक जनुकही सापडले. म्हणजे शब्दाने जीभ बिघडली नाही. पण बोलण्याची इच्छा मेली. माझ्या मते हा निष्कर्ष मूळ तर्कापेक्षाही अधिक गंभीर आहे. वर्गात एखाद्याला ‘तोत्र्या’ म्हणून हाक मारणाऱ्याने त्याचा दोष निर्माण केलेला नसतो. पण तो मुलगा उत्तर येत असूनही हात वर करत नाही, त्याला कारण ही हाकच असू शकते.

आता एका वेगळ्या ठिकाणी जाऊ. बोलणे, लाजणे या मनाच्या गोष्टी झाल्या. शब्द मनावर परिणाम करणारच, असे कोणी म्हणेल. मग शरीराचे काय? सुई टोचल्यावर होणारी वेदना तर शरीराची ना?

अमेरिकेतील बॉस्टन येथील एका रुग्णालयात २०१० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग झाला. बाळंतपणाच्या वेळी पाठीत भूल देण्याआधी तिथली कातडी बधिर करण्यासाठी एक छोटे इंजेक्शन देतात. १४० स्त्रियांना तेच औषध, त्याच पद्धतीने दिले गेले. फरक एवढाच की निम्म्या स्त्रियांना डॉक्टर म्हणत, आता ही जागा बधिर होईल आणि पुढे तुम्हाला त्रास होणार नाही. उरलेल्या निम्म्यांना म्हणत, आता मोठी मधमाशी चावल्यासारखे होईल, यातला सर्वांत वाईट भाग हाच. नंतर प्रत्येकीला शून्य ते दहा या मोजपट्टीवर वेदना किती झाली ते सांगायला लावले. सर्व उत्तरे चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा घेतला तर पहिल्या गटात तो तीन आला आणि दुसऱ्या गटात पाच. सुई एकच, औषध एकच. दोन अंशांची वेदना केवळ वाक्याची होती! आणि ते वाक्य डॉक्टरांनी बहुतेक वेळा चांगल्या हेतूने उच्चारलेले असते, म्हणजे रुग्णाने दचकू नये म्हणून.

हे घडते कसे? ‘मनाचे खेळ’ म्हणून हात झटकून चालणार नाही, कारण या खेळात रसायने भाग घेतात. आपला मेंदू अफूतील मॉर्फिनसारखे काम करणारी वेदनाशामके स्वतःच तयार करतो, हे १९७५ च्या सुमारास कळले. त्यांतील काहींना एंडॉर्फिन म्हणतात. १९७८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग केला. काही रुग्णांना औषध म्हणून नुसतेच निरुपद्रवी द्रव्य दिले, तरी त्यांचे दुखणे कमी झाले. मग त्यांना नालॉक्सोन दिले. हे द्रव्य मॉर्फिनचा परिणाम अडवते. तर काय, कमी झालेले दुखणे परत वाढले! याचा अर्थ ‘औषध दिले आहे’ या विश्वासाने मेंदूत खरोखरच वेदनाशामक पाझरले होते आणि नालॉक्सोनने त्याची वाट अडवली होती. याच्या उलट बाजूचा शोध इटलीतील तुरीन येथे फाब्रित्सिओ बेनेदेत्ती यांनी घेतला. ‘आता दुखणार’ अशी सूचना मिळाली की चिंता वाढते आणि त्या चिंतेबरोबर कोलेसिस्टोकायनिन नावाचे द्रव्य वेदनेचा मार्ग मोकळा करते. (हेच द्रव्य आतड्यातही असते आणि जेवणानंतर पित्ताशयाला आकुंचन पावायला लावते. निसर्ग एकच किल्ली अनेक कुलपांना लावतो.) या द्रव्याला अडवणारे औषध आधी दिले तर वाईट सूचनेने दुखणे वाढत नाही.

तेव्हा ‘शब्द झोंबला’ हे म्हणणे नुसता अलंकार नाही.

पण म्हणून शब्दाला मंत्राची शक्ती आली असे समजू नका. दिलासा देणाऱ्या शब्दाने वेदना, मळमळ, धास्ती कमी होते. मलेरियाचे जंतू मरत नाहीत, मोडलेले हाड सांधत नाही आणि गाठ विरघळत नाही. तिथे कावळ्याची म्हणच खरी. एक प्रयोग शाळांच्या प्रदर्शनांतही अधूनमधून दिसतो. भाताच्या दोन बरण्या ठेवायच्या, एकीला रोज गोड शब्द बोलायचे, दुसरीला शिव्या द्यायच्या आणि शिव्या खाल्लेला भात आधी नासला म्हणून टाळ्या घ्यायच्या. भाताला कान नाहीत आणि मेंदूही नाही. कोणती बरणी अधिक वेळा उघडली, कोणती उन्हाजवळ होती, कोणत्या चमच्याला बुरशी होती, हे न पाहता काढलेला तो निष्कर्ष आहे. दोनऐवजी वीस बरण्या घ्या, कोणती कोणत्या गटातील हे तपासणाऱ्याला सांगू नका, आणि मग पाहा. शब्दाला परिणाम करायचा असेल तर तो समजणारा कोणीतरी हवा. न समजणाऱ्या भाषेत कोणी हसतमुखाने शिवी दिली तर आपणही हसूनच उत्तर देतो!

मात्र हा ‘समजणारा’ दरवेळी ज्याच्याविषयी बोलले गेले तोच असतो असे नाही. रॉबर्ट रोझेंथाल या मानसशास्त्रज्ञाने १९६३ साली प्रसिद्ध केलेला उंदरांवरील प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. बारा विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच उंदीर दिले. निम्म्यांना सांगितले, तुमचे उंदीर हुशार वाणाचे आहेत, वाट पटकन शोधतात. बाकीच्यांना सांगितले, तुमचे मंद वाणाचे आहेत. वास्तविक सगळे उंदीर एकाच प्रकारचे होते. काही दिवसांनी पाहिले तर ‘हुशार’ उंदीर खरोखरच वाट लवकर शिकले होते. उंदरांना तर आपल्याला काय नाव मिळाले हे कळणे शक्य नव्हते. ते विद्यार्थ्यांना कळले होते. ‘हुशार’ उंदीर मिळालेले विद्यार्थी त्यांना अधिक वेळा, अधिक हळुवारपणे हाताळत होते.

पुढे १९६५ साली कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत रोझेंथाल आणि त्या भागातील मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी हाच विचार वर्गात नेला. मुलांची एक चाचणी घेतली आणि शिक्षकांना काही नावे दिली: ही मुले यंदा झपाट्याने पुढे जातील. खरे म्हणजे ती नावे नुसत्या चिठ्ठ्या उचलल्यासारखी काढलेली होती. एकूण मुलांपैकी सुमारे पाचवा हिस्सा. वर्षअखेर पुन्हा चाचणी झाली. पहिलीच्या वर्गात नाव दिलेल्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी २७ गुणांनी वाढला होता, बाकीच्यांचा १२ गुणांनी. तिसरीपासून वरच्या वर्गांत असा फरक दिसला नाही. १९६८ साली या प्रयोगावरचे पुस्तक निघाले तेव्हा मोठा गाजावाजा झाला आणि टीकाही तेवढीच झाली. इतक्या लहान मुलांसाठी ती चाचणी योग्य नव्हती, आकडे फुगलेले होते, असे जाणकारांनी दाखवून दिले. नंतरच्या अनेक प्रयोगांत परिणाम आढळला, पण बराच लहान. १९८४ साली स्टीफन रॉडनबुश यांनी अशा अठरा प्रयोगांचा एकत्र विचार केला. त्यात आढळले की शिक्षक मुलांना दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ ओळखत असतील, तर बाहेरून चिकटवलेल्या शिक्क्याचा त्यांच्यावर जवळजवळ परिणामच होत नाही. आपल्या डोळ्यांनी पाहिलेले मूल त्यांना कागदावरच्या नावापेक्षा खरे वाटते. आपल्याकडे जूनमध्ये नवा वर्ग हाती येतो तेव्हा आधीच्या वर्गशिक्षकांकडून ‘तिसऱ्या बाकावरचा तो ना, अगदीच ढ आहे हो’ असे जाता जाता कानावर पडते. ते नेमके याच दोन आठवड्यांत पडते, ही गोष्ट शिक्षकांनी विचारात घेण्यासारखी आहे.

मग मुलाला ‘ढ’ न म्हणता ‘हुशार’ म्हटले की झाले का? येथेही उत्तर वाटते तितके सोपे नाही. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या मुलांना काही कोडी सोडवायला दिली. सोडवून झाल्यावर सगळ्यांना शाबासकी दिली, पण काहींना म्हटले, तू फार हुशार दिसतोस. काहींना म्हटले, तू चांगली मेहनत घेतलेली दिसते. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. ती बहुतेकांना जमली नाहीत. शेवटी पुन्हा पहिल्यासारखी सोपी कोडी दिली. ‘हुशार’ म्हटलेल्यांना ती पहिल्यापेक्षाही कमी आली आणि ‘मेहनती’ म्हटलेल्यांना जास्त. एवढेच नव्हे, दुसऱ्या शाळेतील अनोळखी मुलाला आपले गुण लिहून कळवायला सांगितले, तेव्हा ‘हुशार’ गटातील दहांपैकी जवळजवळ चार मुलांनी ते वाढवून लिहिले. कारण उघड आहे. ‘मी हुशार’ ही पदवी एकदा मिळाली की प्रत्येक चूक ती पदवी काढून घ्यायला येते. मेहनतीचे तसे नाही; ती उद्या आणखी करता येते. असल्या एका वाक्याने आयुष्य पालटते असे मात्र कोणी सांगू लागले तर विश्वास ठेवू नका. मोठ्या प्रमाणावर केलेल्या नंतरच्या अभ्यासांत असे परिणाम माफकच दिसले आहेत.

शब्द पुढच्या गोष्टीच घडवतो असे नाही. मागचे घडून गेलेलेही तो बदलतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची एक छोटी फिल्म दाखवली. काहींना विचारले, मोटारी एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता? काहींना विचारले, ‘आदळून चक्काचूर झाल्या’ तेव्हा किती होता? चक्काचूर ऐकलेल्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्यानंतर विचारले, फिल्ममध्ये फुटलेली काच पाहिलीत का? फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हतीच. तरी ‘चक्काचूर’ गटातील पन्नासांपैकी सोळाजणांना ती आठवत होती, ‘लागल्या’ गटातील पन्नासांपैकी सातजणांना. न्यायालयात साक्षीदाराला प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावा याला महत्त्व का आहे, हे यावरून ध्यानात येईल.

याच जातीचा एक निरुपद्रवी प्रयोग तुम्ही वर्गात करू शकता. (वर सांगितलेला अनाथालयातील प्रकार मात्र कोणावरही, थट्टेतसुद्धा, करायचा नाही.) रिचर्ड हॅरिस यांनी १९७३ साली लोकांना बास्केटबॉल खेळाडूची उंची विचारली. ‘किती उंच?’ विचारले तर सरासरी उत्तर ७९ इंच आले, ‘किती बुटका?’ विचारले तर ६९ इंच.

तुम्ही एक सुतळी घ्या, साधारण दीड मीटर लांबीची. तिची खरी लांबी मोजून एका पाकिटात बंद करून ठेवा. सुतळी सरळ ताणून सगळ्या वर्गाला पाच सेकंद दाखवा आणि लपवा. मग आधी तयार केलेल्या चिठ्ठ्या वाटा. निम्म्या चिठ्ठ्यांवर ‘सुतळी किती लांब होती? सेंटिमीटरमध्ये लिहा’ आणि निम्म्यांवर ‘सुतळी किती आखूड होती? सेंटिमीटरमध्ये लिहा’ असे असू द्या. चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसून वाटा, म्हणजे हुशार मुलांचा एक गट आणि बाकीच्यांचा दुसरा असे होणार नाही. चिठ्ठ्या दोन प्रकारच्या आहेत हे कोणाला सांगू नका आणि शेजाऱ्याचे उत्तर पाहू देऊ नका. मग दोन्ही गटांची सरासरी वेगवेगळी काढून फळ्यावर लिहा आणि पाकीट उघडा. चाळीस मुलांच्या एकाच वर्गातला आकडा फसवा असू शकतो, म्हणून जमल्यास दुसऱ्या तुकडीतही तोच प्रयोग करा. फरक पडला नाही, तर तेही वहीत तसेच लिहून ठेवा.